वळणात पाय उचलायचा न्हाई
अठ्ठ्याण्णव साली सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटरचं दुकान हुतं. मामानं सिंगापूरहून गेमचं स्टिअरिंग आणि पायातले पेडल आणलेले, त्यावर गाड्यांची शर्यत चालायची. कॉलेजची पोरं येऊन कालवा करायची. पण बिराप्पा यायला लागला आणि मी चक्रावलोच. जतकडचा धनगर गडी, चाळिशीचा. वडापची, म्हंजे माणसं भरून गावोगाव न्यायची जीप विकून घरी बसलेला. बरं, गेममधी गाडी तरी कुठली निवडावी? सगळ्यात वंगाळ! इंजिन मागं, वजन मागं, त्यात टर्बो. ॲक्सिलरेटर दाबला की आधी ढिम्म, मग लाथ मारल्यागत सुटायची.

वळणात हा भिऊन पाय उचलायचा, की गाडी मागनं गर्रकन फिरायची.

"आवं बिराप्पा, ब्रेक वळणाच्या आधी! आत शिरल्यावर पाय उचलायचा न्हाई, हलका दाबून ठेवायचा. उचलला की वजन पुढं येतंय, मागची चाकं सुटत्यात. कितींदा सांगू?" मी कावायचो. आई मला म्हणायचीच, बाहुबली, तुझ्या जिभेला हाड न्हाई.

"परत लाव," एवढंच तो म्हणायचा.

हळूहळू जमायला लागलं. एकदा अवघड वळण त्यानं असलं झ्याक धरलं, की मी खुशीत टेबलावर दणकन थाप मारली. त्यासरशी त्याचा पाय उचलून ब्रेकवर गेला, गाडी गिरकी घेऊन भिंतीवर. मी वैतागून बघतोय तर गडी घामानं भिजलेला.

तवा त्यानं सांगितलं. वडापात मागं लटकलेल्या माणसानं पत्र्यावर थाप मारली की ड्रायव्हरनं थांबायचं, ही रीत. गेल्या वर्षी माणसं खच्चून भरलेली, धाकटा भाऊ धुळा मागं शिडीला लटकलेला. ऐन वळणात कुणाचं तरी गठुडं पडलं, धुळानं थाप मारली. ह्याचा पाय सवयीनं उचलला आणि ब्रेकवर गेला. जीप मागनं फिरून उलटली, धुळा खाली सापडला. जागीच गेला.

"समदी म्हणत्यात, बिराप्पा, कुणाच्यानंबी सावरली नसती. खरं का ते मला बघायचं हाय. वळणात थाप मार."

"खुळा झालास काय? मी न्हाई मारायचा!" मी लय भांडलो. तो हलंना. शेवटी गाडी वळणात शिरली आणि मी थाप मारली.

त्याचा पाय हलला न्हाई. गाडी मागनं जरा वळवळली, मग टर्बोनं रेटा दिला आणि सरळ बाहेर पडली.

"सावरली की रं," तो म्हणाला.

"आवं, गेम हाय ह्यो! ह्यात माणसं न्हाईत, शिडी न्हाई. खोटं हाय समदं!" मी ओरडलो, पण माझंच मला पटंना.

बिराप्पानं वाहणारं डोळं पुसलं न्हाईत. स्टिअरिंग धरूनच म्हणाला, "म्हंजे मीच मारला की रं धुळाला."