एका हातानं उघडणारं बॉनेट

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मोंढ्यातल्या आमच्या आडत दुकानात सोयाबीनचे दाणे दाताखाली धरून बघत होतो. "भाऊजी, हे गेले. जेवून खुर्चीत बसले होते, तसेच," एवढंच त्या म्हणाल्या. दिनकर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला जाऊन आता दीड महिना होईल. त्या दिवशीही सकाळी त्यानं गाडीचं बॉनेट उघडून ऑइल बघितलं होतं, हे नंतर कळलं आणि, का कोण जाणे, मला बरं वाटलं.

ही गाडी म्हणजे त्याच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली जुनी स्पोर्ट्स कार. दोन सीटची, उघड्या टपाची, इतकी बुटकी की शेजारून ऊस भरलेली ट्रॉली गेली तर आपण खड्ड्यात बसलोय असं वाटावं. दिनकर पाथरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, पण परभणीतल्या घरून निघण्याआधी रोज बॉनेट उघडायचा, ऑइल-पाणी बघायचा आणि मगच चहा घ्यायचा. तोही बिनसाखरेचा. तसला चहा पिण्यापेक्षा रेडिएटरमधलं पाणी पी, असं मी त्याला नेहमी म्हणायचो.

निवृत्तीनंतर त्याच्या अंगावरून वारं गेलं. वाचा परत आली, पाय चालायला लागले, उजवा हात तेवढा गेला. डाव्या हातानं ते लोखंडी झाकण काही उचलेना. आम्ही उचलून द्यायचो, तर तो हसून मागं सरायचा. पुढं पुढं त्यानं गाडीकडं फिरकणंच सोडलं, दिवस दिवस खुर्चीत बसून राहायला लागला. तेव्हा मी खरंच घाबरलो होतो. माणूस हातानं नाही, अशा बसण्यानं जातो.

मग एकदा त्यानं मला बोलावून घेतलं आणि कार्बन फायबर नावाचं प्रकरण समजावून सांगितलं. विमानाला वापरतात, लोखंडाच्या निम्म्याहूनही हलकं. मी म्हटलं, या वयात कुणाशी शर्यत लावायलायस? तो म्हणाला, "पळवायची न्हाई रे. मला माझ्या हातानं उघडायचंय."

आधी जुन्याचं वजन करायचं ठरलं. आम्ही बॉनेट माझ्या दुकानातल्या काट्यावर ठेवलं, मी आकडा बघितला आणि सांगितलं, पंधरा किलो. दिनकरनं वाकून काट्याकडं पाहिलं, तर सोळा. जन्मभराच्या सवयीनं मी बारदानाचं एक किलो वजा केलं होतं! "माझं बॉनेट काय हरभऱ्याचं पोतं हाय का?" हे तो पुढं मरेपर्यंत चारचौघांत सांगत राहिला.

परगावच्या दोन कारागिरांकडून नमुन्याचे तुकडे आले. दोन्ही काळे, चौकडीच्या विणीचे, सारखेच देखणे. मी आपला चकचकीत होता तो उचलला. दिनकरनं दोन्हींच्या कडा पॉलिश पेपरवर घासल्या, तर माझ्या तुकड्याच्या चौकड्या पुसून गेल्या आणि खालून साधं पांढरं फायबर निघालं. वर नुसता छापील कागद चिकटवलेला. दुसऱ्याची वीण मात्र आतपर्यंत तशीच होती. वर्गात प्रयोग जमला की तो जसा हसायचा तसा त्या दिवशी हसला, कितीतरी महिन्यांनी. बॉनेट आणि डिकीचं झाकण त्या दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरलं. दारंही करू का, अशी तिकडून विचारणा आली होती. गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे आमचे डेंटर जब्बारचाचा म्हणाले, दार हलकं केलं तर लावल्याचा आवाज बदलेल. त्या आवाजावरून लहानपणी दिनकरला वडील आल्याचं कळायचं. दारं लोखंडाचीच राहिली.

नवं बॉनेट आलं. त्यानं ते डाव्या हातानं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. वहिनी पदर डोळ्याला लावून आत गेल्या.

पण हौसेनं फेरी मारायला निघालो तर जिंतूर रोडला समोरून एसटी गेली आणि बॉनेट फडफडायला लागलं. जुनी कडी जड पत्र्याच्या भरवशावर होती, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली. दिनकर शांतपणे म्हणाला, "एका वाऱ्यानं हात नेला. हे दुसरं वारं बॉनेट न्यायलंय." आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला पोट धरून हसलो.

उपाय त्यानंच काढला. राणीसावरगावच्या शेतातल्या घरी त्याच्या बैलांची घुंगरमाळ पडून होती. तिचा चामडी पट्टा जब्बारचाचांनी बॉनेटवरून आडवा बांधून दिला. घुंगरं काढली, पण बकलाजवळचं एक दिनकरनं काढू दिलं नाही. पुढची चार वर्षं रोज सकाळी ते वाजायचं, की वहिनी आत चहाचं पातेलं चढवायच्या. ती चार वर्षं तो सुखात जगला, हे मी शपथेवर सांगतो.

जुनं बॉनेट आता गच्चीवर आहे, वहिनी त्यावर मिरच्या वाळवतात. गाडी बसून खराब होऊ नये म्हणून परवा रविवारी मी गेलो. उजवा हात धडधाकट असूनही खिशात ठेवला आणि डाव्या हातानं पट्टा सोडला. घुंगरू वाजलं. ऑइल बघून होईतो वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. मी एक घोट घेतला. साखर नव्हती. सगळा प्यालो.