शालनच्या तोंडची आमची नावं

बातमी आली तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. आमच्या हायस्कूलचा शिपाई बाब दारात येऊन उभा राहिला, पण आत येईना. एरवी नोटीस घेऊन बेधडक आत शिरणारा आणि ती वाचून होईपर्यंत फळ्याला टेकून उभा राहणारा हा माणूस आज उंबऱ्यापाशी थांबतो, यावरूनच मी ओळखायला हवं होतं. बाहेर गेले तर म्हणाला, "बाई, पोस्टात फोन इलेलो, गोंयच्या दवाखान्यातसून. शालनबाई गेल्यो." मी "बरं" म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं. आत येऊन अर्धी राहिलेली कविता पूर्ण शिकवली, मुलांना गृहपाठ दिला आणि घंटा झाल्यावर शिक्षकखोलीकडे न जाता मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले. मैदानावर कुणी नव्हतं. गवत घोट्यापर्यंत वाढलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले, पण मी त्या कडेवरून अजून पुरती परत आलेली नाही.

शालन आमच्या शाळेची खेळाची शिक्षिका, आणि त्याआधी कॉलेजातली माझी मैत्रीण. तिशी उलटली तोच पोटातल्या गाठीनं तिला नेलं. मालवणच्या कॉलेजात आमची गाठ पडली ती ऐंशीच्या सुमारास. ती आचऱ्याची, मुलींच्या खो-खो संघाची कॅप्टन, काटक, काळीसावळी, दोन्ही गुडघ्यांवर जुन्या जखमांचे वण. मी जन्मात कधी पळलेली नाही, सुटणारी एसटी गाठायलासुद्धा नाही. गेली तर पुढची येते, हे माझं तत्त्व. पहिल्या आठवड्यात तिनं मला मैदानाच्या कडेला पुस्तक वाचताना पकडलं आणि विचारलं, "तुका काय येता गो?" म्हटलं, "माका कायच येणा नाय." ती म्हणाली, "बरा झाला. मगे आमच्यो पिशयो सांभाळ." तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत मी त्या संघाच्या पिशव्या सांभाळल्या. सामने मालवणात होवोत की मुंबईत विद्यापीठाच्या मैदानावर, मी आपली पिशव्यांच्या ढिगात बसलेली. खेळाडूंना चहा मिळायचा तसा मलाही मिळायचा, म्हणून काही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर या गावात आलं. हे हायस्कूल तेव्हा उघड्या कातळावर उभं होतं. मैदान म्हणावं असं काही नव्हतंच. मुलं पडली की गुडघे सोलून निघत. शिबिरात आम्ही मैदान केलं. मुलांनी कातळाचे उंचवटे फोडले, आम्ही मुलींनी रांग धरून खालच्या मळ्यातून मातीच्या पाट्या वर पोचवल्या. पहिले दोन दिवस गावकरी लांबून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी बायका पेजेचा टोप घेऊन आल्या, आणि पेज देऊन झाल्यावर परत न जाता रांगेत उभ्या राहिल्या. लुगड्याचा कासोटा घातला आणि आमच्या दुप्पट पाट्या उचलल्या. शेवटच्या संध्याकाळी शालन त्या नव्या मातीवरून अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली आणि धापा टाकत माझ्यापाशी येऊन म्हणाली, "द्वारके, मी हयसरच शिकवूक येतलंय. बगीत रव." आम्ही सगळे हसलो. तेव्हा सगळं होण्यासारखं वाटायचं.

आणि ती आली. मीही आले, मराठी शिकवायला. तिनं गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे दोन खांब करून घेतले, ते मैदानाच्या दोन टोकांना पुरले आणि मुलींचा खो-खो सुरू केला. रोज प्रार्थनेच्या आधी ती चुन्यानं आठ चौकोन आखायची. खो-खोत आठ जणी चौकोनात बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, आणि नववी पाठलाग करते. पाऊस नसेल त्या प्रत्येक दिवशी हे चौकोन. सुट्टीतसुद्धा. मी म्हटलं, अगो, आज शाळा नाही. तर म्हणे, "चौकोन दिसलो की चेडू बसता." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. संध्याकाळी ती वाडीवाडीत जाऊन आयाबापांना पटवायची. मुलीला शिंपणं असेल तर स्वतः माडांना पाणी लावून द्यायची आणि मुलीला मैदानावर पाठवायची. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, स्पर्धेला रत्नागिरी गाठायची गरज उरली नव्हती. कसालच्या मैदानावर तिच्या मुली जिंकल्या त्या दिवशी मी पिशव्यांच्या ढिगातून उठून ओरडले होते. त्या संघात तारा होती, कुसुम होती, आणि सगळ्यांत चपळ म्हणजे शेवंती. खांबाला हात घालून ती अशी वळायची की पाठलाग करणारी सरळ पुढे निघून जायची.

मग लग्नं सुरू झाली. दहावी झाली की लग्न, नापास झाली तर जरा लवकर. पहिलं माझंच झालं. आमच्याकडे नवरीला नवं नाव मिळतं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात. मी द्वारकेची अंजली झाले. शाळेत परबबाई, घरात अंजली, भावाला पहिल्यापासून ताई. शालन मात्र दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर "द्वारके" म्हणाली. मी डोळे मोठे केले, तर म्हणते, "तांदळात लिवलेला नाव मी मानणय नाय. तांदूळ शिजवून खाल्लंस, संपला." मुलींच्या बाबतीतही तेच. एकेकीची लग्नाची पत्रिका यायची, ही जाऊन जेवून यायची आणि बाजारात भेटल्यावर सासूच्या देखत जुन्याच नावानं हाक मारायची. मुंबईत नोकरी करणाऱ्या नवऱ्यांना शेवंती-बिवंती नको असतात. शेवंतीची मनीषा झाली होती. तिच्या सासूला ही हाक फार झोंबायची.

शालनलाही स्थळं येत. तिची एकच अट असे, "माजा नाव बदलूचा नाय." खेळ, नोकरी, हुंडा याचं काही ना काही जमत आलं असतं, पण या अटीला समोरची माणसं आधी हसत आणि मग चहा ठेवून उठत. तिची आई माझ्याकडे येऊन रडली होती. मी काय सांगणार? मला माझं नाव एका सकाळीत सोडता आलं, तिला आलं नाही, एवढंच.

शाळेचा रौप्यमहोत्सव ठरला तेव्हा तिच्या डोक्यात आलं, माजी विद्यार्थिनींचा खो-खो. जिंकलेल्या संघातल्या बऱ्याच जणी सासरी असल्या तरी जवळपासच्या गावांत होत्या. त्यांना पुन्हा त्या चौकोनांत बसवायचं, एकदाच. इतकं असोशीनं मागताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी घरोघरी फिरलो. मी बरोबर असायची ती लग्न झालेली म्हणून, माझ्या मंगळसूत्राला कुठं ना कुठं मान मिळे. शेवंतीच्या सासूनं ओटीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं आणि म्हणाली, "सुनेन गावासमोर नाचाचा काय?"

"नाचाचा नाय, खेळाचा," शालन म्हणाली. "लुगडा नेसानच खेळतली. कासोटो घालून."

"माका लाज वाटात गो बाय."

"काकी, भाताच्या लावणीक तुमी कासोटो घालतास. शेताच्या मेरेर गावातले पुरुष उभे आसतत. तेवां लाज खंय जाता?"

सासूनं सरबताचे पेले गोळा केले. पाट्या वाहायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांत हीसुद्धा होती, हे मला तिच्या हातांकडे बघताना आठवलं. शेवटी म्हणाली, "बगूया." आमच्याकडे बगूया म्हणजे नाही, हे लहान पोरालाही कळतं. शालननं त्याचा अर्थ हो असा घेतला. सगळ्याच घरांतून ती "बगूया" घेऊन आली आणि नऊ जणी जमल्या म्हणून आनंदात झोपली.

महोत्सवाच्या दिवशी मंडप भरला होता. पताका, लाउडस्पीकर, पाहुण्यांसाठी शहाळी. शालननं सकाळीच चौकोन आखले होते, नेहमीपेक्षा जाड. युवक मंडळाच्या मुलानं लाउडस्पीकरवर पुकारलं, "माजी विद्यार्थिनींचा खो-खो सामना." बायकांच्या बाजूला तारा बसलेली होती, कुसुम होती, शेवंती मांडीवर मूल घेऊन होती. कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. शालन एकटी मैदानात गेली, साडीचा कासोटा घातला आणि पाठलाग करणारीच्या जागी खांबापाशी उभी राहिली. समोर आठ रिकामे चौकोन. मंडपात हसू फुटायला लागलं होतं... मला ते सहन होईना. मी पदर खोचला, गेले आणि चौकोनात बसले. जन्मात न पळालेली मी! शाळेतली पोरं तर शिट्ट्याच मारायला लागली. आणि मग शेवंती उठली. मूल शेजारणीच्या मांडीवर ठेवलं, सगळ्यांसमोर कासोटा घातला आणि माझ्या पुढच्या चौकोनात येऊन बसली, माझ्या उलट दिशेला तोंड करून, पंजे टेकून, उठायच्या तयारीत. तिची मान अशी ताठ होती की मला वाटलं, आता बाकीच्या येणार.

"मनीषा," सासूची हाक आली. "पोर रडता."

शेवंती ढिम्म. मी मान वळवून तिला बघत होते, ती ऐकून न ऐकल्यासारखं करत नव्हती. त्या क्षणी ते नाव तिचं नव्हतंच. दुसरी हाक नवऱ्याची आली, पुरुषांच्या बाजूनं, तेच नाव, मोठ्यानं. ती उठली. कासोटा सोडत सोडतच गेली. लाउडस्पीकरवर पुढचा कार्यक्रम पुकारला, संगीत खुर्ची. आमच्या चौकोनांवरच खुर्च्या मांडल्या.

परत येताना वाटेत शालन म्हणाली, "बगलंस द्वारके? पयल्या हाकेक ती उठाक नाय." तेवढ्यावर ती खूश होती. मला मात्र दुसरीच हाक ऐकू येत राहिली. महिन्याभरात नवऱ्यानं शेवंतीला मुंबईला नेलं.

पुढच्या वर्षी ती सणाला गावी आली तेव्हा कट्टा गावच्या बाजारात दिसली. दोन मुलं, बरोबर सासू. शालननं हाक मारली, "गो शेवंती!" ती काकडीवालीच्या टोपलीतली तवशी निवडत होती, निवडत राहिली. आम्ही अगदी जवळ होतो. मी म्हटलं, "तिना आयकूक नाय आसतला."

"आयकल्यान," शालन म्हणाली. "तिच्या पायाचो आंगठो हललो."

त्यानंतर तिनं बाजारात कुणालाच हाक मारली नाही. चौकोन आखायची, मुलींना शिकवायची, स्पर्धांनाही न्यायची, पण घरोघरी जाणं थांबलं. एकदा म्हणाली, "मी तेंका पळाक शिकवतंय. पळान जातली खंय?" मी तिला धीर द्यायला काहीतरी बोलले. ते खोटं होतं, हे दोघींनाही कळलं.

शेवटची भेट गोव्याच्या दवाखान्यात. खाटेत ती इतकी लहान दिसत होती की मी आधी पुढच्याच खाटेकडे गेले. तिनं विचारलं, "चौकोन कोण आखता?" खोटं सांगायचं मनात आलं, पण तिच्यापुढे कधी चाललं नव्हतं. म्हटलं, "कोण नाय." तिनं मान हलवली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "जा आता, तुजी एसटी चुकात." मी म्हटलं, "चुकली तर पुढची येतली." ती हसली, दुखत असताना हसली. "जा गो द्वारके," म्हणाली.

तिच्या जाण्याची बातमी मुलींना कळवावी असं मला फार वाटलं. पत्रं लिहायला बसले तर लक्षात आलं, कळवू कुणाला? शेवंती, तारा, कुसुम या नावांच्या बायका कुठल्याही पत्त्यावर राहत नाहीत. शेवंतीची मनीषा झाली ते ठाऊक आहे, पण तिचा मुंबईचा पत्ता माझ्याकडे नाही. बाकीच्यांची नवी नावं मला धड ठाऊक नाहीत, शालनमुळे ती कधी लक्षात ठेवलीच नव्हती. वर्तमानपत्राची ही पुरवणी मुंबईलाही जाते, म्हणून इथं लिहिलं. ओट्यावर भाजी निवडताना एखादीच्या हाताखाली हा कागद आलाच, तर गो शेवंती, तुझी बाई गेली. पण तुझ्या हाती वर्तमानपत्र येतं ते रद्दी म्हणून, हे मलाही माहीत आहे.

शालन आजारी असताना एक खांब कुठल्याशा मंडपासाठी उपटला तो परत पुरला नाही. दुसरा आहे. परवा मधल्या सुट्टीत गवतातून त्याच्यापर्यंत गेले. मुली वळताना जिथं हात घालायच्या, तेवढीच जागा गुळगुळीत आहे, बाकीचं लाकूड खरखरीत झालंय. तिथं हात ठेवून उभी होते. आईवडील कधीच गेले, भावाची मी ताई, नवऱ्याची अंजली. द्वारका म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. मनात आलं, आपणच एकदा मोठ्यानं म्हणून बघावं... पण स्वतःला हाक मारता येत नाही.

व्हरांड्यातून मुख्याध्यापकांचा आवाज आला, "परबबाई!"

मी पहिल्याच हाकेला वळले.