बाबांचं चिनी

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी भिवंडीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होते. दर हिवाळ्यात आमच्याकडे व्याख्यानं व्हायची. त्या वर्षी विषय ठरला चीन. तीन संध्याकाळी इतिहास, चित्रकला आणि तिथलं रोजचं जगणं. बोलायला मुंबईहून चिनी भाषा शिकवणाऱ्या एक बाई यायच्या होत्या.

घरी सांगितलं तेव्हा भाकरी थापणारा आईचा हात थांबला. "बाबांना सांगू नको," ती म्हणाली.

बाबा फौजेत ट्रक चालवायचे. बासष्टच्या लढाईत ते पकडले गेले आणि काही महिने चीनच्या कैदेत होते. सुटून गावी, दिघाशीला आले, पुढे भिवंडीत ड्रायव्हर झाले. पण कैदेबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

व्याख्यानाची सूचना वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर मीच खडूनं लिहिली होती. येता-जाता बाबांनी ती वाचली असणारच.

पहिले दोन दिवस ते फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी व्याख्यान सुरू झाल्यावर मागच्या बाकावर येऊन बसले. बाई सांगत होत्या, "तिकडे ओळखीचं माणूस भेटलं की 'जेवलात का?' असं विचारतात." मग त्यांनी ते चिनीत म्हणून दाखवलं, "च्र फान ल मा?"

"च्र ल," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. बाबा उभे राहिले होते.

"तुम्हाला चिनी येतं?" बाईंनी विचारलं.

"येतं कसलं! चार-पाच शब्द. बासष्टला कैदेत होतो तिकडं."

बाईंनी हसून विचारलं, "कुणी शिकवलं?"

"जेवन वाढायला एक चिनी पोरगा यायचा. रोज ह्येच इचारायचा. एक दिस शेजारचा 'च्र ल' म्हनला, म्हनून मीबी म्हनलो. मना काय ठाव, त्याचा अर्थ 'जेवलो' हाय! पोरगा भांडं घेऊन सरळ फुडं गेला. त्या दिवशी उपाशी."

लोक खो खो हसले. बाबाही हसले. त्यांना चारचौघांत असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी घरी जाऊन आईला हे सांगितलं, तशी त्या रात्री तिनं बाईंना आग्रहानं घरी जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं. जेवताना बाबा जरा अडखळत म्हणाले, "एक शब्द अजून हाय. आमाला सोडलं, तवा त्या पोरानं हात हलवून सांगितला. 'मान चौ'. मना वाटलं, चल निघ म्हनतोय."

बाईंचा घास हातातच राहिला. "नाही हो. घरी आलेला माणूस निघाला की असं म्हणतात. सावकाश जा."

बाबा आईला म्हणाले, "आपनबी ह्येच म्हनतो, न्हाय का?" आईनं मान हलवली आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली. ती त्यांनी सगळी खाल्ली.

त्यानंतर कैदेतल्या गोष्टी घरात निघू लागल्या. बर्फाच्या, बिघडलेल्या ट्रकच्या, पत्त्यांच्या डावांच्या. एकच गोष्ट बाबा दोन-दोनदा सांगायचे. आई म्हणायची, "झालं की सांगून," आणि पाट ओढून जवळ बसायची.