आषाढाचा भाव

आमच्या मामंजींना कोणी "कसं काय, बरं हाय ना?" असं विचारलं, की ते कधी सरळ उत्तर देत नसत. "जरा उतरलोय. चढंन परत," म्हणायचे. ताप आला तरी हेच, पाय मुरगळला तरी हेच. लग्न होऊन मी मुरबाडहून खर्डीजवळच्या त्या गावात आले, तेव्हा पहिल्या आठ दिवसांतच मला वाटलं, सासऱ्याच्या डोक्यात काहीतरी फरक आहे. घाबरत घाबरत नवऱ्याला विचारलं, तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "आबा भावात बोलतात. हुईल सवय." तशी झालीच.

शहापूरच्या एका भातगिरणीत मामंजी मापारी होते. गाड्या भरून भात यायचं, ते मापून घ्यायचं त्यांचं काम. सगळी हयात मापात गेल्यामुळे भाताचा भाव कधी पडतो नि कधी चढतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. "कार्तिकात इकनारा रडतो, आषाढात इकनारा हसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झोडणी झाली की व्यापारी दारोदार फिरू लागत, आणि गावातली माणसं आमच्या ओटीवर येऊन बसत. "काय करू, आबा?" "थांब. आजून तुझा कणगा भरलेला हाय, तसा समद्यांचाच हाय. आषाढात समद्यांचे कणगे तळाला जातील, तवा काढ." लोक थांबायचे आणि आषाढात खरंच चार पैसे जास्त मिळायचे. या सल्ल्याबद्दल मामंजींनी कोणाकडून पानसुद्धा घेतलं नाही. गावात त्यांचा शब्द म्हणजे देवाचा कौल होता.

पण त्यांचा खरा जीव भातात नव्हता. तरुणपणी ते मुंबईला एका दाणेवाल्याकडे नोकरीला होते. तेव्हा गिरण्यांची चलती होती. मालकाच्या सांगण्यावरून साठवलेलं सगळं घालून त्यांनी एका कापडगिरणीचे शेअर घेतले. पुढे मंदी आली, शेअर पार खाली गेले, मामंजी गावी परतले. ते कागद पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. शेअर म्हणजे काय ते गावात कोणालाच कळत नसे. मामंजी समजावून सांगायचे, "त्या गिरणीत सूत काढनाऱ्या लाख चाती फिरतात ना, त्यातल्या दोनचार माझ्या नावानं फिरतात." मी चेष्टा करायची, "मग मामंजी, तुमच्या गिरणीतनं एखादं लुगडं तरी येऊ द्या की माला." "येल गो, येल. भाव येऊ दे, आख्खा तागा आनतो."

त्या भावासाठी ते दर हप्त्याला चालत खर्डी स्टेशनवर जात. तिथला चहावाला प्रवाशांनी टाकलेले पेपर त्यांच्यासाठी ठेवून द्यायचा. घरी आले की पगडी काढायच्या आधी चुलीतला कोळसा मागत आणि ओटीच्या कुडाच्या भिंतीवर एक आडवी रेघ मारत. भाव जास्त तर रेघ वर, कमी तर खाली. जुन्या वर्षांचे भावही आठवून आठवून त्यांनी काढून ठेवले होते. सगळ्यात वरची रेघ छपराला टेकायला आलेली, ती चलतीच्या दिवसांतली. दिवाळीला मी सगळं घर सारवायची, तेवढा तुकडा सोडून. तिथली माती पोपडे धरून पडायची, आतल्या कारवीच्या काठ्या दिसायच्या, पण हात लावायची सोय नव्हती. वरच्या रेघेकडे बोट करून म्हणायचे, "येकदा तिथं जाऊन आला ना, त्याला वाट ठावी हाय. जानार परत."

एकदा भाकरी वाढताना मी सहज बोलून गेले, "मामंजी, भात लोकं खातात, म्हनून आषाढात सरतं नि महागतं. ह्यो कागद कोन खातो?" मामंजींचा घास हातात राहिला. मग असे हसले, असे हसले, की ठसका लागला. पुढे कित्येक दिवस जो भेटेल त्याला सांगत होते, "आमची सूनबाय इचारते, कागद कोन खातो!" मलाही हसू यायचं. मी काही मोठं शहाणपण सांगायला गेले नव्हते. जे मनात आलं ते बोलले, एवढंच.

माझा नवरा, वसंत, कसाऱ्याला रेल्वेत खलाशी होता. लग्नाला तीन वर्षं होत आली, आणि त्याला खोकला लागला. आधी अडुळसा झाला, मग मध, मग कोणी सांगितलं ते सगळं. होळीच्या सुमाराला थुंकीतून रक्त पडलं. कल्याणच्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि मामंजींना बाहेर बोलावून सांगितलं, क्षय आहे. घाटावर कोरड्या हवेचं इस्पितळ आहे, तिथे ठेवा. पण पावसाच्या आत न्या, इथल्या ओलीत हा माणूस टिकायचा नाही.

पैसा म्हणाल तर एकच होता, त्या पत्र्याच्या पेटीत. मी म्हटलं, "मामंजी, इका ते कागद." त्यांनी मला भिंतीपुढे नेऊन उभं केलं. शेवटच्या तीन रेघा एकीवर एक चढलेल्या होत्या. "बग. वर निगालाय. आज इकलं तर घेतल्या भावाच्या निम्मं बी येनार नाय. निम्म्या पैशात निम्मा पोरगा बरा हुईल का? आषाढापातूर थांब. मी त्याला पुरा बरा करून आनतो." कंजूषपणा नव्हता हो त्यात! औषधासाठी त्यांनी दुभती म्हैस विकली तेव्हा क्षणभर विचार केला नाही, आपली चांदीची पानाची डबी विकली. पण कागद नाही. मी वसंतापुढे रडले, तर तोही म्हणाला, "आबांना कळतं त्यातलं. आख्खा गाव त्यांचं आयकतो." आता याच्यापुढे मी काय बोलणार, कपाळ?

त्याचं अंथरूण ओटीवरच होतं, भिंतीच्या समोर. दिवसभर तो त्या रेघांकडे बघत पडायचा. मामंजी स्टेशनवरून आले की विचारायचा, "आज कुटं हाय, आबा?" चैत्रात रेघ जरा वर गेली. वैशाखात तिथेच राहिली. ज्येष्ठात एकदम दोन हात खाली आली. मी मामंजींचे पाय धरले. म्हटलं, आता तरी इका, जे येईल ते येऊ दे. ते भिंतीकडे बघत बसून राहिले. "आता तर आजूनच खाली गेला गो. आता इकून काय येल?" खाली आहे म्हणून विकायचं नाही, वर चाललाय म्हणून विकायचं नाही. मग विकायचं तरी कधी? हे मी तेव्हा मोठ्याने विचारायला हवं होतं, पण सुनेच्या जातीला तेवढी जीभ कुठली! पुढे पाऊस धरला तो धरलाच. घरातलं मीठसुद्धा पाणी सुटून वाहिलं.

आषाढात एका सकाळी मामंजींनी वसंताच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, "कसं वाटतं रे?" तो म्हणाला, "जरा उतरलोय, आबा." पुढचे दोन शब्द त्याने म्हटले नाहीत. संध्याकाळी गेला.

त्याचे दिवस झाल्यावर माझा बाप मुरबाडहून गाडी जुंपून मला न्यायला आला. मी गेले नाही. लोकांना वाटलं, सुनेची केवढी माया! माया कसली, मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप यायचा की ताट आपटून वाढायची. पण मी गेले असते तर त्याला ताट कोणी वाढलं असतं? आणि खोटं कशाला बोलू, वसंताचं जे काही उरलं होतं ते त्याच माणसात होतं. चालायची ढब तीच, खाकरणं तेच.

मामंजींनी स्टेशनवर जाणं सोडलं. कोणी बरं विचारलं तर "बरा हाय" एवढंच म्हणत. सुगीला लोक सल्ल्याला आले, तर म्हणाले, "गरज लागंल त्या दिशी इका. माला इचारू नका." भिंत सारवू का, म्हणून मी एकदा विचारलं. ते उठून अंगणात निघून गेले. मीही तशीच राहू दिली. एक दिवस जेवताजेवता ताटाकडे बघत आपणहून म्हणाले, "सूनबाय, तू इचारत व्हतीस ना, कागद कोन खातो. कोन नाय खात गो. कागदच खातो." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो खाली ठेवून आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

मग लढाई सुरू झाली. पलटणींना कापड लागत होतं, गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या, असं कसाऱ्याहून येणारी माणसं सांगायची. आम्हां दोघांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. एकदा मामंजी खर्डीच्या बाजारात सुके बोंबील आणायला गेले. मी चुलीवर तवा टाकून वाट बघत होते. तेवढ्यात बांधावरून हाक आली. किती वर्षांनी तो आवाज इतका मोठा ऐकला! म्हातारा धावत येत होता.

"वसंता! ए वसंता! आला रे भाव! वरच्या रेघेच्या बी वर गेला!"

मी बाहेर आले. मामंजींनी अंगणात पाऊल टाकलं आणि ते जागच्या जागी थांबले. हातात बोंबील बांधून दिलेल्या पेपरचा चुरगळलेला, तेलकट तुकडा होता. तोंड उघडंच राहिलेलं. ओटीवर, जिथे अंथरूण असायचं, तिथे बघत होते. कोणीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं.

"ओ," मी म्हटलं. "आले, मामंजी."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग रिकाम्या हाताकडे.

"बोंबील वाटंत सांडले गो," म्हणाले.