अर्धा आटा जास्त

फिटरकाकांनी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि एवढ्या काळात त्यांनी बसवलेला एकही व्हॉल्व्ह गळला नाही. निरोप समारंभात साहेबांनी हे आवर्जून सांगितलं, टाळ्या पडल्या. साहेबांनी सांगितलं नाही ते एवढंच, की त्यातला एकही व्हॉल्व्ह नंतर दुसऱ्या कुणाला उघडताही आला नाही. काका निवृत्त झाल्यावर चार वर्षं खात्याची गाडी महिन्यातून एकदा दारात यायची आणि व्हॉल्व्ह उघडायला त्यांना घेऊन जायची. काका याला मान समजत. खात्यातले लोक काय समजत होते, ते त्या गाडीच्या ड्रायव्हरने काकूंना एकदा खालच्या आवाजात सांगितलं होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकांचं तत्त्व साधं होतं. कुठलीही गोष्ट नीट बसेपर्यंत आवळायची आणि मग वर अर्धा आटा जास्त. नळ, खिडकीच्या कड्या, साखरेची बरणी, मधाची बाटली, सगळ्यांना एकच न्याय. मुलगा लहान असताना त्याच्या बुटांच्या नाड्याही काकाच बांधायचे. तो मुलगा आता परदेशात असतो आणि बिननाडीचे बूट घालतो.

काकू घरी शिवणकाम करायच्या. काकांनी एकदा प्रेमाने त्यांचं शिलाई मशीन उघडून, पुसून, पुन्हा जोडून दिलं होतं. त्यानंतर सुईचा स्क्रू सुटायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत काकू जे शिकल्या ते त्यांना जन्मभर पुरलं. मशीनच्या खणात त्यांनी एक रबरी हातमोजा, एक लहान हातोडी आणि लांब चोचीची तेलाची कुपी कायमची ठेवून दिली. काका घरात नसले की कुठलीही बरणी त्या अर्ध्या मिनिटात उघडायच्या. काका घरात असले की मात्र हाक मारायच्या, "अहो, एवढं उघडून द्या ना." काका बाह्या सरसावत यायचे, बरणी उघडून द्यायचे आणि वापरून झाली की पुन्हा स्वतःच बंद करायचे. संसार चौतीस वर्षं असा सुरळीत चालला होता.

तो बिघडला काकूंच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्यामुळे. बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जिना उतरवेना, म्हणून काकूंनाच जावं लागायचं. जायचं म्हणजे काकांच्या गाडीतून. काका नेत होते, नाही असं नाही. पण तिथे पोचल्यावर बूट काढायचे नाहीत. दारातच उभे राहून किल्ल्या खुळखुळवायचे आणि दहा मिनिटांत "निघू या का?" विचारायचे. सहा महिने दोघी बहिणींचं एक वाक्य धड पुरं झालं नाही. मग सत्तावन्नाव्या वर्षी काकूंनी शिकाऊ लायसन्स काढलं आणि शेजारच्या एका निवृत्त बसड्रायव्हरकडून याच गाडीवर शिकून घेतलं. काका म्हणाले, "वा, छान!" काकांचा हा "छान" सुद्धा जरा आवळलेलाच होता.

पहिल्या परीक्षेच्या दिवशी सकाळी काकांना गाडीच्या ब्रेकची तार बदलायची बुद्धी झाली. तार बदलून झाली, तोवर परीक्षा संपली होती. दुसऱ्या तारखेला त्यांनी रेडिएटरचं पाणी बदलायला घेतलं. ते संध्याकाळी पुरं झालं. आज तिसरी तारीख होती. तीन वाजता मैदानावर हजर राहायचं होतं, अर्जावर याच गाडीचा नंबर होता आणि शिकाऊ लायसन्स उद्या संपत होतं. आज हुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी नऊ वाजता काका चहाचा कप ठेवत म्हणाले, "गाडी खोकतेय गं. पेट्रोलचा फिल्टर बदलून टाकतो. वीस मिनिटांचं काम."

काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली. "आजच?"

"परीक्षेत मधेच बंद पडली तर? तुझ्यासाठीच करतोय ना."

काकूंनी कात्री पुन्हा उचलली.

साडेअकरा वाजता काकांचे दोन पाय गाडीखालून तसेच बाहेर आलेले होते आणि आतून शिव्या येत होत्या. गाडी जॅकवर चढवलेली, खाली दोन लोखंडी घोड्या. फिल्टर म्हणजे मुठीएवढा डबा, मागच्या चाकाजवळ एका पट्टीत बसवलेला, आणि ती पट्टी धरून ठेवणारा एक दहा नंबरचा बोल्ट. तोच जाम झाला होता. बोल्ट सुटेना म्हणून काकांनी फिल्टर तसाच ओढून पाहिला होता, त्यात पाइप जोडायची त्याची नळी मोडली होती. म्हणजे आता जुना फिल्टर चालणार नव्हता आणि नवा बसणार नव्हता.

"कुठल्या गाढवाने आवळलाय हा!" काका आतून ओरडले.

काकूंना ते गाढव माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी हा फिल्टर काकांनीच, याच जागी, याच पान्याने बसवला होता आणि रात्री जेवताना स्वतःचं कौतुकही केलं होतं. पण आत्ता ती आठवण काढून बोल्ट सुटणार नव्हता. त्या नुसतं "कोण जाणे" म्हणाल्या.

काकांनी पान्याला लांब पाइप लावून जोर केला. पाना निसटला, बोटं सोलली, बोल्टाच्या कडा घासल्या. मग घरात जाऊन ते पाइप तापवायचा गॅसचा टॉर्च घेऊन आले. आता मात्र काकू उठल्या आणि टॉर्च त्यांच्या हातातून काढूनच घेतला.

"तिथे पेट्रोल ठिबकतंय. विधवा म्हणून परीक्षा द्यायची माझी इच्छा नाही."

"मग संपलं," काका म्हणाले. "आज काही हा सुटत नाही. पुढची तारीख घेऊ."

त्यांनी हे इतक्या पटकन आणि इतक्या शांतपणे म्हटलं, की काकूंच्या डोक्यात तार, रेडिएटर आणि फिल्टर एका ओळीत येऊन उभे राहिले. त्या आत गेल्या, मशीनचा खण उघडला, हातोडी आणि तेलाची कुपी घेतली, जुना गाऊन चढवला आणि गाडीखाली शिरल्या. काका बादली उपडी घालून बसले आणि बघत राहिले.

काकूंनी आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडला. कुपीच्या लांब चोचीने बोल्टाच्या मुळाशी तेल सोडलं, हातोडीने डोक्यावर हलके हलके टोले दिले, पुन्हा तेल सोडलं. मग नुसत्या पडून राहिल्या.

"काय करतेयस?"

"थांबलेय."

काकांना हे काम कधी जमलं नव्हतं. पाच मिनिटं त्यांनी कशीबशी काढली. मग गाडीखालून आवाज आला, "अहो, एक विचारू? मी पास व्हायला नको आहे का तुम्हाला?"

काका आपल्या सोललेल्या बोटांकडे बघत म्हणाले, "पास झालीस की मला कोण हाक मारणार?"

एवढी गोष्ट कबूल करायला या माणसाने चौतीस वर्षं घेतली आणि मुहूर्त काढला तो बायको गाडीच्या बुडाखाली उताणी पडलेली असताना. काकूंना आधी संताप आला. तीन तारखा! मग त्यांना त्या सगळ्या बरण्या आठवल्या, बाह्या सरसावत येणारे काका आठवले, आणि वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण घड्याळात सव्वा वाजला होता आणि वाईट नंतरही वाटून घेता आलं असतं.

"रिंगचा पाना द्या. दहाचा. तुमचा तो उघड्या तोंडाचा नको."

काकांनी दिला. काकूंनी तो ठोकून घट्ट बसवला आणि उजवीकडे ओढला.

"अगं उलटा फिरवतेयस! आवळतेयस त्याला!"

"माहितीये. आधी केसभर आवळायचा, मग सोडायचा. त्याला वाटतं, तुम्हीच आलात."

करकर आवाज झाला. काकूंनी पाना डावीकडे वळवला. बोल्ट जरा कुरकुरला आणि सुटला.

नवा फिल्टर, नवा बोल्ट, पाइपांच्या क्लिपा, सगळं वीस मिनिटांत झालं, म्हणजे काकांचा अंदाज बरोबरच होता. बोल्ट बसला तसा काकांचा हात नकळत पान्याकडे गेला. काकूंनी पाना उचलला, पुसला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

तीनला पाच कमी असताना त्या मैदानावर पोचल्या, स्वतः चालवत, शेजारी काका. गाडी थांबताच काकांनी सवयीने हँडब्रेक ओढला, आणि कसा ओढला! मग उतरून कुंपणाशी जाऊन उभे राहिले. इन्स्पेक्टर शेजारी बसला, कागद मांडीवर घेतला, म्हणाला, "चला, निघा." काकूंनी ब्रेकचं बटण दाबलं. ते हलेना. पुन्हा दाबलं. इन्स्पेक्टरचं पेन कागदाकडे वळलं. कुंपणाशी काकांनी कपाळाला हात लावला.

काकूंनी दांडा आधी केसभर वर ओढला. बटण लोण्यासारखं दबलं. गाडी निघाली.

त्या पास झाल्या. काकांना घरी सोडलं आणि तशाच बहिणीकडे गेल्या. तिथे त्यांनी बूट काढले, पाय वर घेऊन बसल्या आणि वर्षभराची सगळी अर्धी वाक्यं दोघींनी पुरी करून टाकली.

संध्याकाळी सातला त्या परतल्या, तेव्हा काका खुर्चीत पेपर वाचत होते. स्वयंपाकघरातून टप टप आवाज येत होता. काकू दारातच थांबल्या. या घरात असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"अहो, नळ गळतोय."

"हो का?" काकांनी पेपर काही खाली केला नाही. "तूच बघ ना जरा. तुला जमतं."

काकूंनी आत जाऊन नळ फिरवला. टपटप थांबली, तिथेच त्यांनी हात काढून घेतला.