हावगेप्पा मास्तर गप्प बसले

हावगेप्पा मास्तरांची उंची पाच फूट तीन इंच. बास्केटबॉल शिकवणाऱ्या माणसाची ही उंची म्हणजे चेष्टाच म्हणायची, आणि गुलबर्ग्याच्या पोरांनी ती मनसोक्त केलीही. पण आवाज देताना देवानं हात आखडता घेतला नव्हता. कॉलेजच्या मैदानावर सरावाला मास्तर ओरडले की बाहेरच्या रस्त्यावरचा टांगेवाला दचकून घोड्याचा लगाम ओढायचा. निजामाची सत्ता अठ्ठेचाळीस साली गेली, तेव्हाही हा आवाज त्याच मैदानावर होता. राज्य बदललं, कागदांवरची भाषा बदलली, मास्तर काही बदलले नाहीत. पण त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती त्यांनी तोंड उघडलं नाही म्हणून.

भालकीपासून चार कोसांवरचं त्यांचं गाव, घर लिंगायत शेतकऱ्याचं. घरात कन्नड, वेशीवर मराठी आणि शाळेत पाऊल टाकलं की उर्दू. पुढं भालकीच्याच शाळेत ते कवायतीचे मास्तर झाले. एकदा बीदरच्या खेळांत त्यांनी दोनशे पोरं नुसत्या आवाजावर एका रांगेत चालवली. ते बघायला गुलबर्ग्याच्या एका कॉलेजचे प्रिन्सिपॉल बसले होते. त्यांच्या कॉलेजात दोन लोखंडी कडी आणि एक चामडी बॉल येऊन वर्षभर पडला होता. हे कशाशी खातात ते कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी मास्तरांना उचललं, तीन आठवड्यांच्या शिक्षणाला सिकंदराबादला धाडलं, आणि तीन आठवड्यांत जेवढा खेळ डोक्यात शिरला तेवढा घेऊन मास्तर तेहेतीस साली गुलबर्ग्याला रुजू झाले.

खेळावर त्यांचा जीव जडला तो असा की विचारू नका. मुरूम टाकून, पाणी मारून, रूळ फिरवून मैदान त्यांनी स्वतः केलं. चुन्याच्या रेघा स्वतः ओढल्या. शिकवायची भाषा मात्र त्यांची त्यांनाच माहीत. पळायला सांगायचं कन्नडमधून, शिव्या मराठीतून आणि शाबासकी दख्खनी उर्दूतून. नव्या पोराला महिनाभर काही कळायचं नाही, नंतर दुसरं काही कळेनासं व्हायचं.

ही खिचडी एकदा चांगलीच अंगाशी आली. वाडी जंक्शनच्या रेल्वेच्या पोरांशी सामना होता. मास्तरांनी आपल्या संघातल्या जगदेवप्पाला ओरडून सांगितलं, "ओडु!" कन्नडमध्ये ओडु म्हणजे पळ. पण शेजारी होता अंकुशराव, उदगीरकडचा मराठी गडी. त्याला ऐकू आलं 'ओढ'. मास्तरांचा हुकूम मोडायचा कसा? त्यानं समोरच्या पोराचा बनियन धरून असा काही ओढला की तो खांद्यापासून कमरेपर्यंत टर्रकन फाटला. वाडीची पोरं अंगावर धावून आली. अंकुशराव आपला हातातल्या चिंधीकडं बघत म्हणतोय, "मास्तरच म्हणले की!"

हसायला हे ठीक होतं. पण मास्तरांच्या नोकरीला एक शब्द चिकटला होता, तो हसण्यासारखा नव्हता. तो शब्द म्हणजे 'आरजी', तात्पुरती. दर साली नवा कागद आला तर नोकरी, नाही आला तर गाठोडं बांधा. असा कागद सहा वेळा आला होता, आणि सहाही वेळा तो येईपर्यंत मास्तरांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. भालकीच्या शाळेतली जागा केव्हाच भरली होती. शेत होतं, भाऊ होते, पोटाला कमी पडलं नसतं. पण शेतात कडं कुठं लावणार आणि बॉल कुणाकडं टाकणार? हा खेळ सोडून आपल्याला जगता येणार नाही, हे मास्तरांना लख्ख कळलं होतं.

फसली तेराशे अठ्ठेचाळीसच्या बहमन महिन्यात, म्हणजे अडतीस सालच्या डिसेंबरात, प्रिन्सिपॉलनी त्यांना बोलावलं. हैदराबादहून खेळांची तपासणी करायला मोठे साहेब येणार होते.

"साहब बड़ी साफ उर्दू बोलते हैं, मास्टर," प्रिन्सिपॉल म्हणाले. "मैदान पर आपकी वो खिचड़ी नहीं चलेगी. पोस्ट मुस्तकिल होगी या टूटेगी, सब उन्हीं की रिपोर्ट पर है."

मुस्तकिल म्हणजे कायम. सहा वर्षं हा शब्द मास्तरांनी मनातल्या मनात इतक्या वेळा लिहिला होता की डोळे मिटून गिरवला असता.

आठ दिवस त्यांनी साफ उर्दूचा सराव केला. "जगदेवप्पा, आगे तशरीफ ले जाइए," असं म्हणून होईपर्यंत बॉल समोरच्यानं नेलेला असायचा. "गेंद इनायत फरमाइए," म्हणजे बॉल द्यायची कृपा करा, असं म्हणाले तर अंकुशरावानं बॉल खाली ठेवून कमरेत वाकून सलाम ठोकला, आणि अख्खा संघ मुरुमात लोळून हसला. मास्तरांना रडू यायचं बाकी राहिलं. शेवटी त्यांनी ठरवलं, त्या दिवशी बोलायचंच नाही.

"उद्या मी तोंड उघडणार न्हाई," त्यांनी पोरांना सांगितलं. "माझ्याकडं बघायचं न्हाई. मी मेलोय असं समजा."

"मास्तर, असं अभद्र कामून बोलायलाव?" अंकुशराव कळवळून म्हणाला.

तपासणीच्या दुपारी सामना लावला होता तो त्याच वाडीच्या पोरांशी. मास्तर बाकावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून आणि तोंडात अख्खी सुपारी धरून. खेळ सुरू झाला. अंकुशरावाच्या हातात बॉल आला की तो सवयीनं बाकाकडं बघायचा, आणि मास्तर आपल्या बुटांकडं. वाडीचे बघता बघता सहा गुण झाले. मास्तरांच्या घशात कन्नड, मराठी, दख्खनी सगळं एकदम दाटून आलं. सुपारीवर दात रुतले.

आणि मग पोरंच एकमेकांना हाका मारायला लागली. जगदेवप्पानं अंकुशरावाला मराठीत सांगितलं, अंकुशरावानं त्याला कन्नडमध्ये, आणि बॉल या टोकाकडून त्या टोकाला कसा सरळ गेला. मास्तर बघतच राहिले. यांना येतंय की! मी नसलो तरी येतंय! छाती भरून आली, आणि आत कुठंतरी थोडं टोचलंही. सामना मात्र पोरं एका बास्केटनं हरली.

साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. मध्येच त्यांनी मास्तरांकडं रोखून बघितलं. "मास्टर साहब, आप कुछ बोलते नहीं?"

तोंडात सुपारी. मास्तरांनी हात जोडले आणि मान हलवली. साहेबांनी वहीत आणखी दोन ओळी लिहिल्या. झालं, मास्तर मनात म्हणाले, मुका मास्तर म्हणून लिहिलं.

साहेब आणि प्रिन्सिपॉल कचेरीत गेले. मास्तर व्हरांड्यात उभे. थोड्या वेळानं रिकामे कप घेऊन मडिवाळप्पा शिपाई बाहेर आला. मनानं सोन्यासारखा माणूस. मास्तरांना बघून त्याचे डोळे भरले.

"मास्तर, वाईट झालं. साहेब म्हणले, ह्यांना मुअत्तल करा. दोनदा म्हणले. मी माझ्या कानानं ऐकलंय."

मुअत्तल म्हणजे निलंबित. मागच्याच महिन्यात वाचनालयातला कारकून मुअत्तल झाला होता, तिसऱ्या दिवशी बायकामुलांना घेऊन गाडीत बसला होता. मास्तर तसेच वळले. मैदानावर गेले, बॉल उचलला, फडक्यानं पुसला, खोलीत ठेवला आणि घरी आले.

निलम्मा अंगणात ज्वारी पाखडत होती. नवऱ्याचं तोंड बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"अवं, काय झालंय?"

"गेली."

"काय गेली?"

"नोकरी. मुअत्तल करायलेत मला."

"तुम्ही कुणाला मारलाव का?"

"न्हाई."

"चोरी केलाव?"

"काय बोलायलीस?"

"मग मान कामून खाली घालायलाव? भालकीला जाऊ. माणसं हायेत तिथं आपली." असं म्हणून ती आत गेली आणि संध्याकाळच्या आत तिनं पितळेची भांडी पोत्यात भरायला घेतली. रडली नाही, चिडली नाही. मास्तरांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सकाळी मडिवाळप्पा कागद घेऊन आला. मयताला आल्यासारखा उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, मला माफ करा. आणायचं काम माझं हाय."

मास्तरांनी कागद घेतला. डोळे ओळींवरून घसरत होते. मग एका जागी अडकले. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखी, एकेक अक्षर लावून वाचली, आणि मटकन खाली बसून हसायला लागले.

मडिवाळप्पा घाबरला. "मास्तर! कामून हसायलाव? अक्का, जरा भाईर या, मास्तरांना बघा!"

"अरे मडिवाळप्पा, मुअत्तल न्हाई रे बाबा! मुस्तकिल! मुस्तकिल लिहिलंय!"

"मी तरी तेच सांगायलोय की."

"अरे, ते येगळं, हे येगळं!"

"दोन्ही सारखंच वाजतंय, मास्तर," मडिवाळप्पा कुरकुरला. "साहेब लोकांनी जरा लांब-लांबचे शब्द ठेवावेत."

खाली साहेबांचा शेराही होता. खेळ चालू असताना शिकवणाऱ्यानं बाहेरून एक शब्द बोलायचा नाही, असा नियम खेळाच्या पुस्तकातच आहे. पण सगळ्या रियासतीत तो पाळणारा माणूस आपण पहिल्यांदा बघितला, असं त्यांनी लिहिलं होतं. सिकंदराबादच्या तीन आठवड्यांत हा नियम मास्तरांच्या कानावरसुद्धा आला नव्हता. आपण भीतीनं गप्प बसलो आणि साहेबांनी त्याला शिस्त म्हटलं! त्यांना हसू आवरेना. हसता हसता केव्हा डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सहा वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी हलकेच उचललं होतं. मडिवाळप्पा आता हसावं की रडावं या पेचात पडला आणि शेवटी साखर मागून, ती तोंडात टाकून निघून गेला.

निलम्मा दारात उभी होती. तिला उर्दू येत नव्हती. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरून बघितला आणि परत दिला.

"म्हंजे आता हिथंच?"

"व्हय."

"पुढल्या साली कागद यायचा न्हाई?"

"न्हाई. आता कागद न्हाई. कायम."

ती उंबऱ्यावर बसली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मग भालकीहून माझं उखळ आणायचं का?"

"कसलं उखळ?"

"लग्नात अप्पांनी दिलेलं. दगडी. ते जमिनीत पुरावं लागतंय. आज हिथं, उद्या न्हाई, म्हणून आणलं न्हाई. शेजारच्या शरणम्माकडं कुटते सगळं."

सहा वर्षं मास्तरांनी या घरात चटणी खाल्ली होती. ती कुठं कुटून येते, हे एकदाही विचारलं नव्हतं. कागदाची वाट बघणारे आपण एकटेच, अशी त्यांची समजूत होती. ते उठले, अंगणात आले आणि म्हणाले, "कुठं पुरायचं बोल. आत्ताच खड्डा करतो. पण घरमालकाला इचारावं लागंल."

"इचारलंय," निलम्मा म्हणाली. "आलो त्याच साली."

मग ती उठली, इकडंतिकडं न बघता स्वयंपाकघराच्या दाराशी उजव्या हाताला गेली आणि पायाच्या अंगठ्यानं मातीवर एक गोल काढला.

"हिथं," ती म्हणाली.