बाईंची पितळी पाटी

‘एवढंच कधीच नसतं,’ असं म्हणून बाई काठी आपटायच्या. बसचा थांबा हलवला तरी हेच आणि पार्सल उशिरा आलं तरी हेच. लीड्सच्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या दारी राहायच्या, आणि आम्ही येण्याआधीच सगळ्यांशी भांडून बसल्या होत्या. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेलच. जिन्यात चाहूल लागली की आपण दार हळूच लावून घेतो.

दारावर नावाची पाटी इमारतीत दोघांचीच. इथे लोक नुसता नंबर लावतात, पण मराठी माणसाला पाटीशिवाय घर झाल्यासारखं वाटत नाही. आमची पुण्याहून आणलेली, सागवानी. बाई मूळच्या इटलीच्या, पण पाटी त्यांचीही होती: पितळी, पूर्ण नावाची, दर शुक्रवारी घासलेली. आमची पाटी लागली तेव्हा त्या बाहेर आल्या, ‘तिरकी आहे,’ म्हणाल्या आणि आत गेल्या. तिरकी होतीच, म्हणून मला जास्त राग आला.

मग इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचं फर्मान आलं. दारं आग रोखणारी आहेत, त्यांना भोकं पाडायची नाहीत, पाट्या काढा. माझा नवरा स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाला. बाई दारात उभ्याच होत्या, तर हा त्यांना समजवायला गेला.

‘इट्स ओन्ली अ नेमप्लेट. दॅट्स ऑल.’

त्यांनी काठी आडवी धरली. ‘माझे वडीलही असंच म्हणायचे.’

मग जिन्यातच, उभ्या उभ्या, ओरडत त्यांनी सांगितलं. लहानपण इटलीतलं, सरकार फॅसिस्टांचं. त्या सात वर्षांच्या असताना ज्यू म्हणून शाळेतून काढलं. वडील म्हणाले, एवढंच ना, घरी शिकवू. मग वडिलांची नोकरी गेली. घरची मोलकरीण ख्रिश्चन, तिला ठेवायला बंदी आली. रेडिओ गेला. टेलिफोनच्या पुस्तकातून नाव गेलं. आजोबा वारले, तर पेपरात निधनाची सूचना छापायलाही मनाई. दर वेळी वडील म्हणायचे, एवढंच ना. शेवटी त्यांनाच घेऊन गेले. बाई वाचल्या, कारण त्या मोलकरणीनेच त्यांना आपल्या गावी लपवलं.

‘हा नियम आगीसाठी आहे, मला कळतं. मी वेडी नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण माझं नाव मी मेल्यावर काढा.’

नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. माझा त्यांच्यावर जीव जडला तो तेव्हा. त्यांचा माझ्यावर जडला असं काही दिसलं नाही. ‘तुझ्या फोडणीने माझे पडदे वास मारतात,’ हे शेवटपर्यंत चालू होतं. कंपनीच्या माणसाला मात्र आम्ही दोघींनी मिळून हाकललं, आणि त्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. चहा वाईट होता.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. निधनाची सूचना त्यांनी स्वतःच पेपरात सांगून ठेवली होती, चांगली अर्धा कॉलम, पूर्ण नावानिशी. आठवडाभरात कंपनीचा माणूस आला. त्याने चार स्क्रू काढले, पाटी कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि इकडे कोणालाही म्हणतात तसं मला म्हणाला, ‘दॅट्स ऑल, लव्ह.’

मी पिशवीत हात घालून ती काढून घेतली. त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ती आमच्या हॉलमध्ये भिंतीवर आहे, आणि शुक्रवारी मी ती घासते. पाहुणे विचारतात, या कोण? माझी इथेच जन्मलेली लेक वैतागते. ‘आई, जस्ट सांग ना, शी वॉज अवर नेबर. एवढंच.’

मी पाहुण्यांना बसायला सांगते, आणि शाळेपासून सुरू करते.